हिमालयातला रानटी प्रिमरोज: ओळखायचा कसा आणि लावायचा कुठे?

दर वर्षी मे महिन्यात हिमालयातल्या ट्रेकवरून परतलेल्या मंडळींच्या व्हॉट्सअॅप गटांवर एक छायाचित्र हमखास येते. त्यात वितळत्या बर्फाच्या कडेला ओल्या गवतातून वर आलेला वीतभर दांडा असतो आणि त्याच्या टोकावर फिक्या जांभळ्या फुलांचा गोल गेंद. पाठोपाठ तीन प्रश्न येतात. हे फूल कोणते, औषधाच्या दुकानात 'प्रिमरोज तेल' मिळते ते याचेच का, आणि हे आपल्या गॅलरीत येईल का? पहिल्याचे उत्तर बहुतेक वेळा 'प्रिम्युला डेंटिक्युलाटा' असे असते, दुसऱ्याचे 'नाही' असे आहे आणि तिसऱ्याचे उत्तर गॅलरी कोणत्या गावात आहे यावर ठरते. हे रोप ओळखायचे असो किंवा वाढवायचे असो, मातीपेक्षा आणि खतापेक्षा त्याचे वर्षभराचे वेळापत्रक समजून घेणे अधिक कामाचे आहे, असे माझे मत आहे. पुढचे विवेचन त्याच अंगाने केले आहे.

प्रिमरोज म्हणजे नेमके काय?

'प्रिम्युला' ही वनस्पतींची एक प्रजाती आहे, म्हणजे जवळच्या नात्यातल्या जातींचा एक गट आहे. या गटात पाचशेच्या आसपास जाती असून त्यांतल्या बहुतेक उत्तर गोलार्धाच्या थंड प्रदेशांत आणि डोंगरांत राहतात. हिमालय आणि त्याला लागून असलेला नैर्ऋत्य चीन हे त्यांचे सर्वांत समृद्ध घर आहे. ब्रिटनमध्ये ज्याला नुसते 'प्रिमरोज' म्हणतात, ती फिकट पिवळ्या फुलांची 'प्रिम्युला व्हल्गॅरिस' ही याच गटातली. आपले जांभळ्या गेंदाचे रोप तिचे भावंड आहे, पण ते अफगाणिस्तानापासून हिमालयभर आणि पुढे तिबेट, म्यानमार व युन्नानपर्यंत, साधारण १,५०० ते ४,५०० मीटर उंचीवर आढळते.

तेलाच्या कॅप्सूल ज्या 'इव्हनिंग प्रिमरोज'पासून बनतात, ती 'इनोथेरा' ही मूळची अमेरिका खंडातली वनस्पती आहे. तिचे कुळही वेगळे आहे आणि सारखेपणा केवळ नावापुरता आहे. उलट ज्याचे नाव ऐकून कोणाच्या मनातही येणार नाही, ते आपल्या बाळगुटीतले आणि काढ्यातले वावडिंग मात्र प्रिमरोजचे खरे नातलग निघते. वावडिंगाचे कुळ पूर्वी स्वतंत्र मानले जाई, परंतु जनुकीय अभ्यासानंतर २००९ च्या सुधारित वर्गीकरणात ते प्रिमरोजच्या कुळातच सामावले गेले. सह्याद्रीत रानटी प्रिम्युला उगवत नाही, तरी त्या कुळाचे प्रतिनिधी इथल्या जंगलात वेलींच्या रूपाने आहेतच.

ओळख पटवताना फुलाचा रंग शेवटी पाहावा

मोबाइलवरची ओळखयंत्रे रंग आणि आकार यांवर भर देतात, आणि या गटात नेमके तेच दोन गुण सर्वांत फसवे आहेत, कारण एकाच उतारावर याच जातीची फुले गडद जांभळी, फिक्की निळसर, गुलाबीसर आणि क्वचित पांढरीही असू शकतात. म्हणून प्रथम खाली पाहावे. पाने सगळी जमिनीलगत, एकाच बिंदूतून निघून चहूबाजूंना पसरलेली असतात. त्यांच्या कडांना बारीक दाते असतात, पृष्ठभाग किंचित सुरकुतलेला असतो आणि मधली शीर जाड व फिकट असते. दांड्यावर एकही पान नसते. फुलाच्या वेळी पाने अनेकदा अर्धवट उलगडलेली, जेमतेम बोटभर लांबीची असतात. ती पुढे पावसाळ्यात वीतभर किंवा त्याहूनही मोठी होतात. मेमध्ये आणि ऑगस्टमध्ये काढलेली दोन छायाचित्रे शेजारी ठेवली, तर ती एकाच रोपाची आहेत यावर विश्वास बसत नाही.

मग गेंदाकडे यावे. प्रत्येक फुलाचा देठ इतका आखूड असतो की फुले एकमेकांना खेटून बसतात आणि पाच ते आठ सेंटिमीटर व्यासाचा जवळपास पूर्ण गोल तयार होतो. एक फूल वेगळे करून पाहिले तर खाली अरुंद नळी, वर पाच पाकळ्या, प्रत्येक पाकळीच्या टोकाला मध्यभागी खाच आणि नळीच्या तोंडाशी पिवळे कडे दिसते. साधे भिंग असेल तर आणखी एक खूण पाहता येते. बहुतेक फुलांत पुंकेसर दोन पाकळ्यांच्या मधल्या जागेसमोर येतात, पण इथे ते प्रत्येक पाकळीच्या बरोबर समोर, नळीला आतून चिकटलेले असतात. या कुळाची ही जुनी आणि भरवशाची निशाणी आहे.

कळ्यांवर, दांड्याच्या वरच्या भागावर किंवा पानांच्या खालच्या बाजूला कधीकधी पिठासारखी पांढरट वा पिवळसर भुकटी असते. ती धूळ नव्हे आणि बुरशीही नव्हे. सूक्ष्म ग्रंथींतून पाझरणाऱ्या 'फ्लॅव्होन' नावाच्या रसायनांचे ते स्फटिक असतात. या जातीत ही भुकटी भरपूर असू शकते किंवा अजिबात नसू शकते, म्हणून केवळ तिच्या आधारे निर्णय करू नये.

गोंधळ घालणारी भावंडे

सर्वांत जास्त चुका दोन जातींबाबत होतात. 'प्रिम्युला कॅपिटाटा' ही पूर्व हिमालयातली जाती असून तिचा गेंद गोल नसून वरून चपटा असतो. बाहेरची फुले उमलून खाली झुकतात आणि मधल्या कळ्या मिटलेल्याच राहतात. 'प्रिम्युला ग्लोमेराटा' मात्र पुष्कळच सारखी दिसते. अशा वेळी तारीख मदतीला येते. डेंटिक्युलाटा वसंतात, बर्फ हटताच फुलते, म्हणजे खालच्या उतारांवर मार्चपासून आणि उंचावर मे-जूनपर्यंत. या दोघी मात्र पावसाळ्याच्या उत्तरार्धात आणि शरदात फुलतात. सिक्कीममध्ये सप्टेंबरअखेर काढलेल्या जांभळ्या गेंदाच्या छायाचित्राला यंत्राने 'डेंटिक्युलाटा' म्हटले, तर तिथे शंका घ्यावी.

इतर जाती वेगळ्या काढणे सोपे आहे. ओल्या दलदलीत विरळ, गडद गुलाबी फुले असतील तर ती बहुधा 'प्रिम्युला रोझिया', आणि खाली लोंबणारी पिवळी फुले असतील तर 'प्रिम्युला सिक्किमेन्सिस'. फार उंचावर, पानांच्या खालून पांढरीशुभ्र भुकटी आणि फुलांचे देठ लांब असतील तर 'प्रिम्युला मॅक्रोफायला' हा पर्याय पडताळून पाहावा.

तारखेचा हा मुद्दा व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला जाणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावा. ते उद्यान १ जूनला उघडते आणि बहुतेक मराठी पर्यटक तिथे जुलै-ऑगस्टमध्ये, इतर फुलांचा बहर असताना पोहोचतात. तोवर डेंटिक्युलाटाचा बहर ओसरून दांडे लांबलेले आणि बोंडे धरलेली असतात. हे फूल पाहायचेच असेल, तर एप्रिल-मेमध्ये चोपता-तुंगनाथच्या वाटेवरील कुरणे अधिक खात्रीची आहेत.

एकाच जातीची दोन प्रकारची फुले

आता या रोपाच्या सर्वांत रंजक भागाकडे येऊ, कारण पुढे बी धरण्याचा प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे. एखाद्या कुरणात पाच-दहा रोपांची फुले वरून नीट पाहिली, तर पिवळ्या कड्याच्या मध्यभागी काही रोपांत टाचणीच्या डोक्याएवढा हिरवट गोल ठिपका दिसतो, तर काही रोपांत त्या जागी पाच पिवळसर टोकांचा झुबका दिसतो. हिरवा ठिपका म्हणजे परागकण स्वीकारणारे टोक, ज्याला कुक्षी म्हणतात. पाच टोके म्हणजे परागकण तयार करणारे परागकोश. पहिल्या प्रकारात कुक्षी तोंडाशी आणि परागकोश नळीच्या मध्यावर असतात, दुसऱ्यात हीच मांडणी उलटी असते. इंग्रज माळी पहिल्याला 'पिन' आणि दुसऱ्याला 'थ्रम' म्हणत आले आहेत. एका रोपावरची सगळी फुले एकाच प्रकारची असतात, आणि कुरणात दोन्ही प्रकारांची रोपे साधारण निम्मी-निम्मी आढळतात.

हा फरक माळ्यांना आणि निसर्गप्रेमींना फार पूर्वीपासून ठाऊक होता. त्याचा अर्थ मात्र चार्ल्स डार्विनने १८६२ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात उलगडून दाखवला. मध घेण्यासाठी मधमाशी नळीत सोंड घालते, तेव्हा थ्रम-फुलाचे पराग सोंडेच्या मुळाशी, डोक्याजवळ लागतात आणि पिन-फुलाचे पराग सोंडेच्या पुढच्या भागावर लागतात. पुढच्या फुलावर गेल्यावर उंचावरचे पराग उंचावरच्या कुक्षीला आणि खोलवरचे पराग खोलवरच्या कुक्षीला टेकतात, म्हणजेच एका प्रकाराचे पराग दुसऱ्या प्रकाराच्या फुलाकडे पोहोचतात. डार्विनने हाताने परागीभवन करून पाहिले, तेव्हा पिन आणि थ्रम यांच्या संकरातून भरपूर बी मिळाले आणि त्याच प्रकारांतर्गत केलेल्या संकरातून त्यामानाने कमी.

या व्यवस्थेचे जनुकीय मूळ अलीकडे, २०१६ मध्ये, युरोपातल्या 'प्रिम्युला व्हल्गॅरिस'वर झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाले. थ्रम रोपांत डीएनएचा सुमारे २ लाख ७८ हजार अक्षरांचा, पाच जनुके असलेला एक तुकडा असतो. पिन रोपांत तो तुकडाच नसतो. थ्रम रोपातही त्याची एकच प्रत असल्यामुळे ती निम्म्या संततीकडे जाते आणि निम्म्या संततीकडे जात नाही. दोन्ही प्रकारांचे प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या निम्मे-निम्मे टिकून राहण्याचे कारण हेच आहे.

बागेच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. एकच रोप आणून ठेवले तर ते फुलेल, पण फारसे बी धरणार नाही. त्याचेच गड्डे फोडून दहा रोपे केली तरी ती सगळी एकाच प्रकाराची असल्यामुळे स्थितीत फरक पडणार नाही. बी हवे असेल, तर फुलात डोकावून पाहून दोन्ही प्रकारांची रोपे जवळजवळ लावावी लागतात.

हे रोप बर्फात जगते, मग उन्हात का मरते?

शरदात याची मोठी पाने वाळून जातात आणि जमिनीच्या पातळीवर खवल्यांनी झाकलेली एक जाड, टपोरी कळी उरते. पुढच्या वसंतातला फुलोरा या कळीत आधीच बारीक रूपाने तयार असतो. वर बर्फाचा थर बसला की कळी शून्याच्या जवळपासच्या स्थिर तापमानात, ओलसर अंधारात काही महिने पडून राहते. बर्फ वितळताच तयार फुलोरा पानांची वाट न पाहता वर येतो, कारण उंचावरचा उन्हाळा लहान असतो आणि बी पिकवायला वेळ लागतो. उबदार गावात या वेळापत्रकातला विश्रांतीचा टप्पाच मिळत नाही.

उष्णतेचा घात मात्र आणखी सूक्ष्म आहे. वनस्पती दिवसा साखर तयार करते आणि श्वसनासाठी ती रात्रंदिवस खर्च करते. तापमान वाढते तसा श्वसनाचा वेग वाढतो, पण साखर तयार करण्याचा वेग एका मर्यादेनंतर वाढत नाही. थंड प्रदेशातल्या रोपाला सलग उबदार रात्री मिळाल्या, की जमेपेक्षा खर्च अधिक होतो आणि ते हळूहळू उपाशी पडते. अशा अशक्त रोपाच्या मुळांवर कोमट, ओल्या मातीतल्या बुरशी सहज चढतात. वरून पाहणाऱ्याला पाने मलूल दिसतात, म्हणून तो आणखी पाणी घालतो, आणि रोप आठवड्याभरात जाते.

थंड गावी बियांपासून लागवड

मनाली, सिमला, गंगटोक अशा ठिकाणी, किंवा ब्रिटन, सिअॅटल, व्हँकुव्हर इथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हे रोप अवघड नाही. ब्रिटनमध्ये तर ते बागेतले नेहमीचे, भरवशाचे फूल आहे आणि रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने त्याला बागेसाठी उत्तम वनस्पतींचा आपला पुरस्कारही दिलेला आहे.

ताजे बी लगेच पेरले तर लवकर रुजते. साठवलेले बी सुप्तावस्थेत जाते, आणि त्याला 'हिवाळा होऊन गेला' अशी खूण द्यावी लागते. ओलसर मातीत पेरलेला ट्रे प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, ४ अंश सेल्सिअसच्या आसपास, चार ते सहा आठवडे ठेवला की ही खूण मिळते. ट्रे शरदात उघड्यावर ठेवला तर तेच काम ऋतू करतो. बी अतिशय बारीक असते आणि त्याला रुजताना उजेड लागतो, म्हणून ते मातीखाली गाडू नये. मातीवर पसरून हलकेच दाबावे आणि वर हवी तर वाळूची अगदी विरळ चिमूट टाकावी. नंतर ट्रे १५ ते १८ अंशांत, थेट ऊन न लागेल असा ठेवावा. तापमान २० च्या वर गेले की रुजणे मंदावते, आणि नवशिके लोक नेमके इथेच उबदार खिडकी निवडून बी वाया घालवतात.

मातीबद्दल पुस्तकांत 'सतत ओलसर, पण निचरा होणारी' असे लिहिलेले असते आणि वाचणाऱ्याला ते परस्परविरोधी वाटते. मोड आणण्यासाठी फडक्यात बांधलेली मटकी आठवावी: तिला सतत ओल असते, पण तळाशी पाणी साचू दिले तर ती आंबते. पानांचे कुजलेले खत आणि जाडसर वाळू किंवा बारीक खडी मिसळलेली, किंचित आम्ल ते उदासीन माती ही अवस्था टिकवून धरते. जागा अर्धसावलीची असावी आणि उन्हाळ्यात माती एकदाही पूर्ण सुकू देऊ नये.

बियांपासूनचे रोप साधारणपणे दुसऱ्या वर्षी फुलते. जुने गड्डे दर तीन-चार वर्षांनी, फुले ओसरल्यावर लगेच फोडून लावावेत. या जातीत आणखी एक सोय आहे: हिवाळ्यात विश्रांतीच्या काळात जाड मुळांचे चार-पाच सेंटिमीटरचे तुकडे करून, वरचे टोक वर ठेवून वाळूमिश्रित मातीत खोचले, तर त्यांतूनही नवी रोपे निघतात. आवडत्या रंगाचे रोप हुबेहूब वाढवायचे असेल तर हाच मार्ग घ्यावा, कारण बियांतून रंग बदलतो. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांनी 'व्हाइन वीव्हिल' या सोंडकिड्याच्या पांढऱ्या अळ्यांवर लक्ष ठेवावे. कुंडीतले धडधाकट दिसणारे रोप एके दिवशी नुसते हाताला उचलून आले, तर खाली मुळे उरलेली नाहीत असे समजावे.

"पण महाबळेश्वर तर थंड आहे!"

हा आक्षेप नेहमी येतो. महाबळेश्वरची उंची सुमारे १,३७० मीटर आहे आणि कळसूबाईचे शिखरदेखील १,६४६ मीटरवर थांबते. आकड्यांवरून हिमालयातली खालची हद्द जवळ आल्यासारखी वाटते, परंतु महाबळेश्वर चोपता-तुंगनाथपेक्षा बारा-तेरा अंश दक्षिणेला आहे. त्यामुळे तेवढ्याच उंचीवर हिवाळा खूप सौम्य असतो. जमीन आठवडेच्या आठवडे थंडगार राहत नाही. त्यातच पावसाळ्यात तिथे पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यात जमिनीलगतची कळी सडण्याचीच शक्यता अधिक.

पुण्या-नाशिकात डिसेंबरमध्ये बी रुजवणे जमते. जानेवारीत इवलीशी, हिरवीगार रोपे पाहून उत्साह येतो, आणि एप्रिलमध्ये पारा ३८ वर गेला की ती संपतात. उन्हाळाभर कुंडी वातानुकूलित खोलीत ठेवणे हाही उपाय नव्हे, कारण तिथे उजेड अपुरा असतो, हवा कोरडी असते आणि २४ अंश हे या रोपासाठी गारच नव्हे. हौसच असेल तर 'प्रिम्युला मॅलॅकॉइडिस' ही चिनी जाती हिवाळी हंगामी फूल म्हणून लावता येते. थंडीत फुलवायची आणि उन्हाळ्यात सोडून द्यायची, शेवंती किंवा पिटुनिया यांच्या रांगेत. 'प्रिम्युला ऑब्कोनिका' नावाने कुंडी मिळाली तर मात्र हातमोजे घालावेत, कारण तिच्या जुन्या वाणांच्या पानांवरील 'प्रिमिन' या द्रव्याने अनेकांच्या त्वचेला खाज आणि पुरळ येतो. प्रिमिन नसलेले नवे वाणही आता उपलब्ध आहेत.

"तिथे हजारोंनी आहेत, दोन आणली तर काय बिघडले?"

राष्ट्रीय उद्यानातून कोणतीही वनस्पती उपटून नेणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. ती जाती दुर्मीळ आहे की मुबलक, याला तिथे महत्त्व नाही. कायदा बाजूला ठेवला तरी व्यवहार पाहावा. फुललेल्या अवस्थेत उपटलेले, मुळे तुटलेले रोप प्लास्टिकच्या पिशवीतून ऋषिकेश, दिल्ली असा चाळीस अंशांतला प्रवास करून पुण्याला येईपर्यंत जिवंत राहण्याची शक्यता जवळजवळ नसतेच. परदेशातल्या मंडळींनी बी तिथल्याच रोपवाटिकेतून घ्यावे. भारतातून बी पाठवणे आणि परदेशातून मागवणे या दोन्हींवर जैवविविधता कायदा व वनस्पती विलगीकरणाचे नियम लागू होतात.

हिवाळा आखडला तर?

हे रोप बर्फाच्या वेळापत्रकावर चालत असल्यामुळे हिमालयात कमी बर्फ पडला किंवा ते लवकर वितळले, तर पहिला परिणाम फुलण्याच्या तारखेवर होतो. फूल लवकर आले म्हणजे ते आनंदात आहे असे समजणे घाईचे ठरेल. बर्फाचे पांघरूण हटलेल्या कळीवर नंतर कडक दहिवर पडले तर तयार फुलोरा करपतो. शिवाय दोन प्रकारांच्या फुलांमध्ये पराग नेणारे कीटक त्या तारखेला बाहेर पडलेले नसतील, तर फुले येऊनही बी धरत नाही. रोप बहुवर्षायू असल्यामुळे एखाद्या वाईट वर्षाने त्याचे फारसे बिघडत नाही. अशी वर्षे सलग आली तर जुनी रोपे फुलत राहतात, पण त्यांच्यामध्ये नवी दिसेनाशी होतात.

म्हणून ट्रेकवर काढलेले छायाचित्र 'आयनॅचरलिस्ट' किंवा 'इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल' अशा, लोकांच्या निसर्गनोंदी गोळा करणाऱ्या संकेतस्थळावर टाकताना तारीख, ठिकाण आणि उंची जरूर नोंदवावी. एक छायाचित्र पूर्ण रोपाचे, एक पानाच्या खालच्या बाजूचे आणि एक फुलाच्या तोंडात सरळ वरून, पिन की थ्रम ते कळेल इतक्या जवळून घेतलेले असावे.